दिवाळी झाली की बघू

मराठी घरात कामे पुढे ढकलण्यासाठी एक वेगळेच पंचांग असते. आषाढात ठरलेली गोष्ट ‘पाऊस ओसरू द्या’ म्हणून थांबते. पाऊस ओसरतो न ओसरतो तोच श्रावणातले सणवार येतात. मग गणपती झाले की बघू. गणपती बोळवले की पितृपक्ष. त्यात नवे काम कोण काढणार? नवरात्रात घरात घट बसलेले. दसऱ्याचा मुहूर्त चांगला खरा, पण दिवाळी अगदी तोंडावर. तेव्हा दिवाळी झाली की! दिवाळीमागून तुळशीचे लग्न, मग माणसांची लग्ने, मग मुलांच्या परीक्षा, आणि परीक्षा संपाव्यात तो उकाडा असा की जीव नकोसा व्हावा. वर्ष फिरून पुन्हा आषाढाशी येते आणि घोंगडे आपले भिजतच असते.

असे करणाऱ्याला आपण सरसकट आळशी म्हणतो, ते मात्र मला पटत नाही. दाताच्या डॉक्टरकडे जायचे सहा महिने टाळणारे गृहस्थ पाहा. ज्या रविवारी जायचे असते, नेमके त्याच रविवारी ते पंख्याची पाती पुसतात, रद्दी बांधतात, गॅलरीतल्या कुंड्यांना गेरू लावतात. बायको म्हणते, ‘अहो, आज दवाखान्यात जायचं होतं ना?’ त्यावर उत्तर येते, ‘दिसतंय ना किती कामात आहे ते!’ आणि ते खोटेही नसते. आळशी माणूस खुशाल घोरतो. चालढकल करणाऱ्याला झोप लागत नाही. दुपारी आडवा झाला तरी ते राहिलेले काम उशाशी बसून असते. आळसात निदान सुख तरी आहे, यात तेही नाही.

आपल्या जुन्या लोकांना हे चांगले ठाऊक होते. महाभारताच्या शांतिपर्वात तीन माशांची गोष्ट आहे. त्यातला जो मासा ‘अजून वेळ आहे’ म्हणत राहिला आणि शेवटी कोळ्यांच्या हाती सापडला, त्याचे नावच दीर्घसूत्र. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे दिली आहेत, तिथेही दीर्घसूत्री हा शब्द येतो. आणि त्याच्या अगदी शेजारी बसला आहे विषादी, म्हणजे खिन्न असणारा. हा शेजार मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. कारण फ्युशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये जे मांडले, ते याच्या फार जवळचे आहे. त्यांचे म्हणणे असे की, चालढकल हा घड्याळाचा प्रश्न नसून मनाचा आहे. काम समोर आले की भीती, कंटाळा, नाहीतर कमीपणा वाटतो. काम बाजूला सारले की ती भावना तेवढ्यापुरती ओसरते. त्या घटकाभराच्या सुटकेची मनाला चटक लागते. बिल मात्र उद्याच्या माणसाच्या नावावर फाटते, आणि उद्याचा तो माणूस आपल्याला कोणी परका, भलताच कर्तबगार वाटत असतो!

म्हणूनच ज्या कामांची भीती अधिक, ती अधिक ढकलली जातात. घरोघर पाहिले तर सगळ्यांत जास्त भिजलेले घोंगडे एकच दिसते. मृत्युपत्र.

हा शब्द सणाच्या अंकात काढल्याबद्दल काही वाचकभगिनी रागावतील. पण ओळखीतले एक उदाहरण सांगतो. नोकरीत असलेले, हिशेबाला चोख असे एक गृहस्थ अचानक गेले. घरची कागदपत्रे फायलीत नीट लावलेली. फक्त बँकेतली मोठी ठेव एकट्याच्या नावावर आणि वारसनोंद म्हणून ज्यांचे नाव, त्या त्यांच्या मातोश्री कधीच वारलेल्या. लग्नानंतर नाव बदलायचे होते. अर्जाचा कागद फायलीत होता, भरलेला होता, फक्त सही राहिली होती. त्यांच्या पत्नीला त्यानंतर दीड वर्ष वकील, कचेऱ्या आणि दाखले यांच्या मागे फिरावे लागले. मुलाच्या कॉलेजची फी दोनदा माहेरून आली. एका सहीचे हे मोल.

आणि असे घर एखाददुसरे नसावे. दहा वर्षे कोणी मागायला न आलेल्या बँकठेवी रिझर्व्ह बँकेने २०१४ साली उभारलेल्या एका निधीत जमा होतात. मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम होती. ती बुडत नाही, वारसांना पुढेही मागता येते. पण मागायला ती आहे हे कळले तर पाहिजे! त्यासाठीच रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले.

गंमत अशी की, ज्या कामाला माणसे इतकी भितात ते काम इतके मोठे नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र साध्या कागदावर लिहिता येते. मुद्रांक लागत नाही. नोंदणी केली तर चांगलेच, पण ती सक्तीची नाही. स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या एवढे हवे. पुढे मन बदलले तर नवे करता येते. बँकेतली वारसनोंद तर त्याहून सोपी. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नावे लावण्याची सोय झाली आहे. मात्र नाव लावले म्हणजे पैसा त्याचाच झाला, असे सहसा नसते. विम्याच्या पैशाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सांगितले की, असा माणूस पैसे स्वीकारतो ते वारसांच्या वतीने. विम्याच्या कायद्यात २०१५ साली जवळच्या नातलगांपुरती दुरुस्ती झाली; बँकठेवीला ती लागू नाही. म्हणून वारसनोंद झाली तरी मृत्युपत्राचे काम उरतेच.

आता हे करायचे कधी? ‘वेळ मिळेल तेव्हा’ हे उत्तर बाद. कॅनडात १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत विद्यार्थ्यांना विचारले होते, प्रबंध किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर आले सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. माणूस स्वतःच्या वेळेचा अंदाज बांधतो तो असा. उलट जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या १९९७ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळची संध्याकाळ कशी गेली ते सणातच, ४८ तासांच्या आत लिहून काढायला सांगितले होते. ज्यांनी आपण कुठे व केव्हा लिहायला बसू हे आधी नोंदवून ठेवले, त्यांच्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनी वेळेत लिहिले. बाकीच्यांत जेमतेम एक-तृतीयांशांनी. निश्चय दोघांचाही होता. फरक जागेचा आणि घटकेचा.

तेव्हा ‘दिवाळीनंतर’ नको. ‘पाडव्याला दुपारी चहा झाल्यावर, जेवणाच्या टेबलाशी’ असे ठरवावे. पहिल्या दिवशी मृत्युपत्र लिहूच नये. कोऱ्या कागदावर फक्त यादी करावी: खाती किती, कोणत्या बँकेत, विम्याचे कागद कुठल्या कपाटात, घर कोणाच्या नावावर. यादी बायकोसमोर करावी, म्हणजे निम्मी तीच सांगेल. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. घरात चार जाणती माणसे जेवायला असतात, त्यांतल्या दोघांना साक्षीसाठी पुढच्या रविवारी दहा वाजता यायला सांगून टाकावे. बोलावणे गेले की मग ते मोडायचीच चोरी! मात्र मृत्युपत्रात ज्यांना काही द्यायचे आहे त्यांना साक्षीला बसवू नये. ओवाळायला आलेल्या बहिणीला दागिना ठेवायचा असेल, तर सही मेहुण्याची नको, शेजाऱ्यांची घ्यावी.