हात पुढे कर

मराठी शाळेतला उताणा तळहात एकाच कामाचा होता. ‘हात पुढे कर’ म्हटलं की तो पुढे यायचा आणि त्यावर छडी बसायची. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १७ने छडी बंद केली. हाताकडे बघायची नजर काही बंद झाली नाही.

मे महिन्यात बोर्डीला होतो. ओहोटीला समुद्र इथे इतका मागे जातो की पाय भिजवायलाही बरंच चालावं लागतं. भाचा मात्र सुरूच्या सावलीत पेन फिरवत बसला होता. एका शहरातल्या क्लासात त्याचं पेन दोनदा जप्त झालंय, घरीही बोलणी बसतात. मीही त्यात होतो. त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

अंगठ्याभोवतीची गिरकी बाकावरच्या निम्म्या पोरांना येते. एकदा जमली की ती आपोआप होते. उताण्या हाताचं तसं नाही. पेन तर्जनी-मध्यमेच्या फटीतून निघतं, गिरकी घेत मध्यमा-अनामिकेत शिरतं, मग करंगळीपाशी, आणि त्याच वाटेनं परत. तळवा वर असला की बोटं मिटून पेन धरावंसं वाटतं. मिटली की खेळ संपला. मध्यमेनं वेळेवर बाजूला व्हायचं, अनामिकेनं पुढे येऊन घ्यायचं. आणि अनामिका तर हातातलं सगळ्यात परावलंबी बोट, शेजारणींना सोडून तिला एकटीला हलणं जड जातं. त्यात हात उताण्याचा उपडा होत असताना पुढची चाल जोडायची, पेन थांबू न देता. या साखळीला ही मुलं कॉम्बो म्हणतात. भाच्याला तीन दुवे जमायला चार महिने लागले. त्यानं पेनाच्या दोन्ही टोकांना जुनी टोपणं बसवली होती, कारण वजन कडेला गेलं की गिरकी स्थिर होते. जडत्व आघूर्ण हा शब्द त्याच्या पुस्तकात अजून यायचाय.

याला आपण ‘चाळे’ म्हणतो. जपानातही याला ‘रोनिन-मावाशी’ असं नाव पडलं. रोनिन म्हणजे प्रवेशपरीक्षा हुकल्यानं पुन्हा अभ्यासाला बसलेला मुलगा. थोडक्यात, वाया गेलेल्यांचा उद्योग. पण सागरगोटे उपड्या हातावर झेलणं, फिरता भोवरा तळहातावर घेणं, यांवर हीच मोठी माणसं गहिवरून बोलतात. ते आपले पारंपरिक खेळ! बोटं तीच, कसब त्याच जातीचं. गुन्हा एवढाच की हे अभ्यासाच्या हत्यारानं चालतं.

मला बचाव करणाऱ्यांचाही तितकाच राग येतो. ‘यानं एकाग्रता वाढते, मेंदू तल्लख होतो.’ म्हणजे पुन्हा मार्कच. एक बाजू म्हणते हातामुळे मार्क जातात, दुसरी म्हणते वाढतात. हाताला हात म्हणून कोणी काही करू द्यायला तयार नाही.

आणि हे बोर्डीत खटकतं. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी इथेच ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, पानं, दगड हीच साधनं झाली. अंगणवाडीची कल्पना याच कामातून आली. ताराबाईंना मी माझ्या बाजूनं उभं करत नाही. माँटेसरीबाईंच्या शिस्तीत साधन ज्या कामाचं त्याच कामाला वापरायचं. पेन्सिल फिरवणाऱ्याला तिथेही कदाचित थांबवलं असतं. पण कुणी न सांगता मूल एखादी कृती पुन्हापुन्हा करत असेल तर त्याला मध्येच तोडू नये, हेही तिथलंच. ते शिशुवर्गापुरतं ठेवून दहावीच्या मुलाचा हात आपण फक्त लिहिण्यापुरता मान्य करतो.

पेन खाली पडल्याचा आवाज वर्गात होतो, हे खरं. शिकवणाऱ्याचा धागा तुटतो. मग टोकांना रबर लावायला सांगा, किंवा मी बोलत असताना नको म्हणा. जप्त कशाला करता? दोन्ही पेनं अजून त्या क्लासच्या टेबलाच्या खणात आहेत. सोमवारी मी स्वतः जाऊन मागणार आहे.