‘निष्क्रिय’ हा शब्द आता पुरे

हेलियमपासून रेडॉनपर्यंतच्या वायूंना मराठीत दोन नावे आहेत : निष्क्रिय वायू आणि राजवायू. वर्गात पहिलेच अधिक चालते. ते सोडून द्यावे असे माझे मत आहे. चुकीची नावे भाषेत पुष्कळ असतात आणि ती खपूनही जातात. या नावामागच्या समजुतीने मात्र रसायनशास्त्राची जवळपास तीस वर्षे वाया घालवली.

झेनॉनचा अणू मोठा. त्याचे सर्वांत बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब आणि आतल्या कवचांच्या आडोशाला असतात, त्यामुळे त्यांच्यावरची पकड हेलियमइतकी घट्ट नसते. हे ओळखून लायनस पॉलिंग यांनी १९३३ मध्येच झेनॉनची फ्लोरिनशी संयुगे व्हायला हवीत, असे भाकीत केले होते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात योस्ट आणि के यांनी प्रयोगही केला, पण हाती काही लागले नाही. त्याआधी फ्लोरिन वेगळा करणाऱ्या मोआसाँ यांनी अरगॉनवर प्रयत्न केला होता. पण अरगॉनची पकड मुळातच जास्त घट्ट. दोन फसलेले प्रयोग आणि वर, बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन भरले की अणू स्थिर असे सांगणारा अष्टकाचा नियम, एवढ्यावर प्रकरण मिटले. ते पुन्हा उघडले १९६२ मध्ये, कॅनडातल्या व्हँकुव्हर येथे. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन ओढून घेते, हे नील बार्टलेट यांना दिसले होते. झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायलाही जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते, मोलमागे सुमारे ११७० किलोज्यूल. त्यांनी झेनॉन आणि प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची वाफ एकत्र येऊ दिली आणि नारिंगी-पिवळा घनपदार्थ तयार झाला. त्याचे नेमके सूत्र काय, याचा घोळ पुढे बराच चालला, पण झेनॉन बांधला गेला होता हे नक्की. पुढच्या काही महिन्यांतच इतर प्रयोगशाळांतून झेनॉनची साधी फ्लोराइडे निघू लागली. नंतर तर असेही दिसले, की कोरड्या काचपात्रात झेनॉन आणि फ्लोरिन भरून ते उन्हात ठेवले तरी डायफ्लोराइडचे स्फटिक धरतात. अशक्य मानलेल्या गोष्टीला ऊन पुरले!

यावर कोणी म्हणेल, दोष नावाचा नव्हे. झेनॉन दुर्मीळ आणि फ्लोरिन जीवघेणा. खरे आहे. पण दुसऱ्या महायुद्धात युरेनियमच्या कामासाठी फ्लोरिन मोठ्या प्रमाणावर हाताळला जाऊ लागला, आणि त्यानंतरही सोळा-सतरा वर्षे झेनॉनचे कोडे कोणी सोडवले नाही. दुसरा आक्षेप शिक्षकांचा : नववी-दहावीच्या मुलांना अष्टकाचा सोपा नियम हवा. जरूर हवा, पण ‘साधारणपणे’ हा शब्द त्याच्यापुढे जोडून. सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये गंधकाभोवती सहा बंध असतात, आणि ते तर १९०१ पासून माहीत आहे. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. वेल्डिंगच्या वेळी तापलेल्या धातूला हवेपासून वाचवायला अरगॉन वापरतात, तो काही करत नाही म्हणूनच. पण हा अरगॉनचा गुण झाला, साऱ्या घराण्याचा नव्हे. झेनॉनचे ट्रायऑक्साइड स्फोटक आहे. त्याला निष्क्रियाचे अपत्य कसे म्हणावे? ‘राजवायू’ हा शब्द इथे नेमका बसतो : राजा सहसा कोणात मिसळत नाही, पण तोलामोलाचा कोणी भेटला तर सोयरीक होते. निऑनला मात्र असा सोयरा अजून मिळालेला नाही.