मेल धाडण्याआधी फोनवर उघडून बघा

मंडळाचे चिटणीस, वाचनालयाचे कार्यवाह, सोसायटीचे सेक्रेटरी, घरगुती फराळाचा धंदा करणाऱ्या ताई, सभासदांना नि गिऱ्हाइकांना ईमेल धाडणाऱ्या तुम्हा सगळ्यांना एक विनंती आहे. तुम्ही मेल बनवता कॉम्प्युटरवर. वाचणारा लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून उभा असतो. त्याचा फोन डोळ्यांपुढे ठेवूनच मेल मांडा.

आधी मेलमध्ये पोस्टरचं चित्र चिकटवणं थांबवा. १२०० पिक्सेल रुंदीचं पोस्टर ३६० पिक्सेलच्या पडद्यावर बसलं की त्यातलं २० पिक्सेलचं अक्षर उरतं ६ पिक्सेलचं. जोडाक्षरं, रफार, अनुस्वार यांचा नुसता चिखल होतो. वेळ १ ची की ९ ची, तेही कळत नाही. शिवाय कित्येक ऑफिसांच्या मेलमध्ये परवानगी दिल्याशिवाय चित्रं उघडतच नाहीत. मग तुमच्या निमंत्रणाच्या जागी रिकामी चौकट! दृष्टिहीन सभासदाचा फोन मेल वाचून दाखवतो, पण चित्रातली अक्षरं त्याच्या हाती लागतीलच असं नाही. तेव्हा तारीख, वेळ, ठिकाण युनिकोडमध्ये टाइप करा. चित्र हवंच असेल तर सोबत घाला, आणि त्याच्या ‘ऑल्ट’मध्ये, म्हणजे चित्राच्या वर्णनाच्या जागेत, एक ओळ लिहा.

मांडणी एकाच रकान्याची ठेवा. एचटीएमएल लिहिणाऱ्या मुलाला सांगा: रुंदी १०० टक्के, जास्तीत जास्त ६०० पिक्सेल. पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या मीडिया क्वेरी वापरून शेजारचे दोन रकाने फोनवर एकाखाली एक आणता येतात, जीमेलही २०१६ पासून त्या मानतं. पण सगळ्या अ‍ॅपांचा भरवसा नाही. विंडोजवरचं जुनं आउटलुक तर चक्क वर्डच्या इंजिनावर पान मांडतं. त्याच्यासाठी टेबलचा जुनाच मार्ग धरावा लागतो. मजकूर १६ पिक्सेलचा, ओळींमधलं अंतर दीडपटीहून थोडं जास्त. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर आदळतात. ‘नाव नोंदवा’चं बटण ४४ पिक्सेल तरी उंच हवं, अंगठा जाडच असतो.

वर्डमधून मजकूर उचलून थेट चिकटवू नका. त्यासोबत कोडचा ढीगभर कचरा येतो, आणि कोड १०२ केबीच्या वर गेला की जीमेल पुढचा भाग दडवतं. तळाशी दिलेला नकाशा, फोन नंबर तिथेच अडकतो.

यादीला धाडण्याआधी मेल स्वतःला पाठवा आणि घरातल्या सगळ्यांत लहान पडद्याच्या फोनवर उघडा. कार्यक्रम कधी, कुठे, हे बोटांनी न ताणता दिसलं नाही, तर अजून पाठवू नका.