हेमलकसा आणि संगणकाची पारख

बाबा आमटे यांनी १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाची स्थापना केली आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी रुग्णसेवेस आरंभ केला, त्या काळी भामरागडच्या या अरण्यात वीज पोहोचलेली नव्हती. आज ती आहे, आणि सुटे भाग निवडून आपल्या हाताने संगणक जुळविण्याची जी हौस पुण्या-मुंबईच्या तरुणास असते, ती येथील तरुणास असण्यास कोणताही प्रत्यवाय नाही. ही हौस मी श्रेष्ठ मानतो, कारण यंत्राच्या अंतरंगाचे ज्ञान असे हात घातल्यावाचून होत नाही.

परंतु प्रोसेसरचा वेग आणि ग्राफिक्स कार्डाचे सामर्थ्य यांवरूनच यंत्राचा दर्जा ठरविण्याचा जो शिरस्ता हौशी मंडळींत पडला आहे, तो अखंड विजेच्या महानगरात जन्मला. या मुलखात वीज, उष्मा आणि दुरुस्ती या तीन बाबींचा हिशेब अगोदर मांडला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरगुती लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एकच बॅटरी असते. म्हणजे तिचा एकूण साठा ८४ वॉट-तासांचा, आणि त्यातलाही बराच अंश रूपांतरात व जलद उपशात व्यर्थ जातो. पडद्यासह ४० वॉट घेणारा संगणक त्यावर तासभराच्या आसपास तग धरील. ३०० वॉट मागणारे खेळांचे यंत्र काही मिनिटांतच मान टाकील. शिवाय शिशाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे सुमारे निम्म्याने घटते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा वैशाख ज्याने भोगला आहे त्यास याचा अर्थ निराळा सांगावयास नको. संगणकास वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसमधील कपॅसिटरांचीही उष्म्यापुढे हीच गत होते. सबब १०५ अंशांचे कपॅसिटर असलेला, १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा कोणताही दाब स्वीकारणारा एसएमपीएस ही खर्चातील अव्वल बाब समजावी, आणि घराचे अर्थिंग तपासून घेतल्याखेरीज महाग कार्डाचे नावही काढू नये.

ज्यास जुळवणीचा आग्रह नाही, त्याने कार्यालयांतून निघालेला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत मिळणारा वापरलेला लॅपटॉप घ्यावा असे मी निःसंकोच सांगेन. त्याचा अडॅप्टर बहुतेक १०० ते २४० व्होल्टचाच असतो, वीज गेली तरी त्याची बॅटरी काम अर्धवट तुटू देत नाही, आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली की त्याचा मंदपणा पुष्कळ अंशी ओसरतो. मात्र रॅम व डिस्क मळसूत्रे काढून बदलता येतात की बोर्डावर कायमच्या जखडलेल्या आहेत, हे खरेदीपूर्वी पाहिलेच पाहिजे. जखडलेले यंत्र कितीही नाजूक व देखणे असो, दुरुस्तीचे दुकान दूर असलेल्या माणसाच्या ते उपयोगाचे नाही.

पावसाळ्यात आलापल्लीकडून येणारा रस्ता नाल्यांच्या पुराने बंद पडतो, पर्लकोटा नदी भामरागडला वेढून टाकते, आणि मागविलेला जिन्नस वाटेतच खोळंबतो. म्हणून ज्या रकमेत प्रोसेसर एक पायरी वरचा मिळाला असता, त्या रकमेत एक जादा एसएमपीएस आणि एक जादा एसएसडी मृगापूर्वीच घरी आणून ठेवावी.