वडीलधाऱ्यांना दारोदार कोण नेणार?



बियाण्याची निवड, खताची मात्रा, जनावरांची लस असे विषय या पानावर नेहमी येतात. आज आम्ही घराच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाविषयी लिहीत आहोत. हा विषय निघाला की माणसे मान खाली घालतात. आमचीही मान त्यात आहे.

आपल्यापैकी पुष्कळांची शेती नांदेड, देगलूर, बिदर, जहीराबाद या भागात आणि मुले हैदराबादेत आहेत. म्हातारपणी औषधपाण्यासाठी आईवडील जामबागेत, कोठीत मुलाच्या घरी येतात. अशाच एका आजोबांना आम्ही दर रविवारी मिस्साला पाहत होतो. पहिल्या वर्षी ते पुढच्या बाकावर बसत. मग मागच्या बाकावर बसू लागले. अंग वाळत गेले. चष्म्याची एक काच फुटली ती सहा महिने तशीच राहिली. दंडावर काळेनिळे वळ दिसले तेव्हा "न्हाणीत पडलो" म्हणाले, आणि आम्ही ते ऐकून घेतले. घरची गोष्ट, आपण कशाला मध्ये पडा, असे प्रत्येकाला वाटले. गावाकडची चार एकर जमीन त्यांनी बक्षीसपत्राने मुलाच्या नावे करून दिली होती आणि त्यानंतरच त्यांचे अंथरूण खोलीतून गॅलरीत गेले होते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

शेवटी आमच्यातले दोघे त्यांना घेऊन निघाले. दवाखान्यात मलमपट्टी झाली; केसपेपरवर "पडल्यामुळे" असे लिहिले गेले. पोलीस ठाण्यात घरगुती भांडण म्हणून दोन शब्द समजुतीचे सांगून बोळवण झाली. कचेरीत अर्जाचा नमुना मिळाला, पण सोबत काय जोडायचे हे सांगणारा कारकून त्या दिवशी रजेवर होता. कोणी वाईट वागले असे आम्ही म्हणणार नाही. प्रत्येकाने आपापल्या टेबलापुरते काम केले, आणि संध्याकाळी आजोबा त्याच गॅलरीत परतले.

त्या दिवशी एक गोष्ट आम्हाला समजली. जामबागेपासून उस्मानिया इस्पितळ पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पोलीस, कचेरी, वकील, चर्च सारे जवळपासच आहे. दारे पुरेशी आहेत. एका दारातून दुसऱ्या दारात हात धरून नेणारा माणूस मात्र नाही. हे काम धर्मग्रामाने अंगावर घ्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आधी कोणते दार कशासाठी आहे ते पाहू. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. ६० वर्षांवरील माणसाला, आणि आईवडिलांना तर कोणत्याही वयात, स्वतःच्या मिळकतीवर भागत नसेल तर मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. मूलबाळ नसेल तर मालमत्तेचा वारसा ज्या नातेवाइकाकडे जाणार आहे त्याच्याकडून मागता येतो. त्यासाठीचे न्यायाधिकरण महसूल विभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे तेलंगणात आर.डी.ओ.कडे आणि महाराष्ट्रात प्रांताकडे, असते. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरवता येते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावयाचा असतो. आधी समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवून घरातल्या घरात मिटते का तेही पाहता येते. गाव एका राज्यात आणि मुलगा दुसऱ्या राज्यात असेल तरी घाबरू नये. म्हातारा माणूस राहतो तेथे किंवा मूल राहते तेथे, दोन्हीकडे अर्ज चालतो. ज्याला स्वतः जाता येत नाही त्याच्या वतीने, त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्थाही अर्ज करू शकते. धर्मग्रामाला हे दार कायद्यानेच उघडून दिले आहे.

पोलिसांचेही काम यात आहे. ज्याची काळजी घ्यायची जबाबदारी आपल्यावर आहे अशा वृद्धाला टाकून देणे हा दखलपात्र गुन्हा असून त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. या कायद्याखालच्या नियमांनुसार ठाण्याने आपल्या हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी पोलिसाने, शक्यतो स्वयंसेवकाला सोबत घेऊन, त्यांना भेटावे. हा स्वयंसेवक कोठून यावयाचा? आपल्यातूनच. आईला घरात मारहाण होत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तिलाही लागू आहे, तो केवळ सुनांसाठी नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. ज्येष्ठांसाठी त्यांची खास योजना २०१६ पासून आहे.

आणि ही सारी दारे एकमेकांना जोडण्याचा एक चांगला प्रयत्न याच हैदराबादेत सुरू झाला, याचा आपल्याला अभिमान वाटावयास हवा. टाटा ट्रस्टने विजयवाहिनी संस्थेच्या मदतीने आणि राज्य सरकारच्या सहकार्याने २०१७ साली येथे वृद्धांसाठी एल्डर लाइन ही फोनसेवा सुरू केली. २०२१ साली केंद्र सरकारने ती देशभर नेली. नंबर १४५६७, पैसे पडत नाहीत. पलीकडचा माणूस ऐकून घेतो, सल्ला देतो आणि गरज पडल्यास कार्यकर्त्याला घरी पाठवतो. हा कार्यकर्ता पोलीस, महसूल आणि वृद्धाश्रम यांच्याशी बोलू शकतो. आमच्या आजोबांचे गाडे पुढे सरकले ते याच फोनमुळे.

दुसरे उदाहरण लातूरचे. तेथील जिल्हा परिषदेने २०२० साली ठराव केला की जो कर्मचारी आईवडिलांना सांभाळत नाही त्याच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून आईवडिलांच्या खात्यात भरावी. सात जणांचे पगार खरोखरच कापले गेले. शिक्षा किती झाली यापेक्षा आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे, की तक्रार, चौकशी, पगार आणि बँक खाते ही चार टेबले एका ठरावाने जोडली गेली. म्हातारीला चार खेपा घालाव्या लागल्या नाहीत.

आता शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. आपल्याकडे छळाची सुरुवात बहुधा सहीने होते. सातबारा किंवा पट्टादार पासबुक मुलाच्या नावे झाले की घरातले वजन गेले. तेलंगणात २०१८ साली सुरू झालेल्या रयतु बंधू योजनेपासून शेतीची मदत पट्टादाराला मिळत आली. केंद्राच्या किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपयेही जमीन ज्याच्या नावे त्याला. म्हणजे जमिनीबरोबर तेही जाते. वरच्या कायद्याच्या २३ व्या कलमात उपाय आहे. आपल्याला सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. पण अट असली पाहिजे आणि ती दाखवता आली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका आईला बक्षीस दिलेली मालमत्ता परत मिळाली, कारण मुलाने सांभाळीन असे वचन कागदावर लिहून दिले होते. तेव्हा जमीन द्यायचीच असेल तर मृत्युपत्राने द्या, ते हयातीत बदलता येते. बक्षीसपत्रच करावयाचे असेल तर अन्न, वस्त्र, औषध आणि राहण्याची जागा यांची अट त्यात लिहून घ्या. पोटच्या पोरावर अविश्वास कसा दाखवायचा, असे कोणी म्हणेल. त्याने जुन्या करारातील सिराखच्या पुस्तकाचा ३३ वा अध्याय काढून वाचावा. जिवंत असेपर्यंत आपली मालमत्ता दुसऱ्याच्या हाती देऊ नये, नाहीतर नंतर हात पसरावा लागेल, असाच सल्ला त्या शहाण्या माणसाने दिला आहे. शेताला कुंपण घालतो म्हणून शेजाऱ्याला आपण चोर म्हणत नाही.

काही भाविक म्हणतील, कायदा घरात आणला की घर मोडते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. हे म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. कधी सूनच दिवसभर राबत असते, आणि भांड्याला भांडे लागले की गाव तिलाच बोल लावते. सासूसासऱ्यांसाठीचा कायदा वापरून सुनेचा निवाऱ्याचा हक्क हिरावता येणार नाही, दोन्ही हक्कांचा मेळ घालावा लागेल, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२० साली बजावले आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा वर्षानुवर्षे करणाऱ्याची शक्ती संपते, आणि संपलेल्या शक्तीतून हात उगारला जातो. अशा घरी पोलिसाआधी शेजारीण जावी. आठवड्यातून एक दुपार तिने म्हाताऱ्यापाशी बसावे आणि सुनेला झोपू द्यावे. पण घराची अब्रू राखण्यासाठी म्हाताऱ्याने मार खावा, हे आम्हाला मान्य नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण त्या मुठीत कोणाचा गळा असेल तर ती उघडलीच पाहिजे. आईवडिलांच्या वाट्याचे देवाला वाहिले म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभू येशूने कोणत्या शब्दांत फटकारले, ते मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे.

आरोग्याच्या दृष्टीने काय पाहावे तेही सांगतो. वजन झपाट्याने उतरणे. दोन्ही दंडांवर सारखे वळ. पाठीवर व नितंबावर शय्याव्रण. औषधे संपूनही न आणणे, किंवा उलट, दिवसभर गुंगी राहील इतक्या झोपेच्या गोळ्या. फुटलेला चष्मा, हरवलेली कवळी. पेन्शनचे पासबुक दुसऱ्याच्या खिशात. आणि प्रश्न विचारल्यावर उत्तर देण्याआधी मुलाच्या तोंडाकडे पाहणे. यातले एखादे लक्षण म्हातारपणाचेही असेल. दोनतीन एकत्र दिसली तर त्या माणसाशी पाच मिनिटे एकट्याशी बोलावे. दवाखान्यात नेल्यास जखम कशी झाली ते त्याच्याच तोंडून डॉक्टरांना सांगू द्यावे आणि तसे लिहून घ्यावे. पुढे प्रत्येक दारात तो कागद उपयोगी पडतो.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. जखमा बांधून तो थांबला नाही. त्याने त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, तेथल्या रखवालदाराच्या हवाली केले, खर्चाचे पैसे दिले आणि परत येईन असे सांगितले. आम्हाला या दाखल्यातले हे शेवटचे शब्द फार मोलाचे वाटतात.

म्हणून आमची विनंती अशी. प्रत्येक वाडीत वा गल्लीत एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोघांनी हे काम घ्यावे. ६० वर्षांवरील प्रत्येकाला महिन्यातून एकदा भेटावे. फादरांकडे एक वही असावी. तिच्यात औषध काय, पासबुक कोणाजवळ, गावाकडे कोण आहे हे लिहावे, आणि त्या वहीतले एक अक्षर चावडीवर जाऊ नये. ठाण्यातला बीट हवालदार, दवाखान्यातली परिचारिका, कचेरीतला कारकून यांची ओळख संकट येण्याआधी करून ठेवावी. घरात राहणे अशक्यच झाले तर सिकंदराबादेत लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर या धर्मभगिनींचा वृद्धाश्रम आहे. त्यांच्या संस्थापिका संत झान ज्युगाँ यांनी १८३९ साली फ्रान्समध्ये एका आंधळ्या म्हातारीला घरी आणून आपले स्वतःचे अंथरूण दिले होते. आपण कोणाचे अंथरूण गॅलरीत जाऊ न दिले तरी पुष्कळ झाले.

आमचे आजोबा आता लेकीकडे आहेत. समेटाच्या बैठकीत मुलाने महिन्याची रक्कम कबूल केली आणि तो ती देतो आहे. बक्षीसपत्रात अट नव्हती, त्यामुळे जमीन काही परत आली नाही. मागच्या पावसाळ्यात भेटायला गेलो तेव्हा त्यांनी पहिले विचारले ते हे, की गावाकडे विहिरीला पाणी आले का.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांचा व वृद्धांचा दिवस म्हणून नेमून दिला. तोवर थांबण्याचे कारण नाही. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर मागच्या बाकावर कोण बसले आहे ते पाहावे, दोन शब्द बोलावे, आणि ज्यांना या कामात यावयाचे आहे त्यांनी आपली नावे फादरांकडे द्यावीत. आमची दोन नावे आम्ही दिली आहेत.