‘टर्बो गेला’ म्हणण्याआधी गाडी तपासा

डिझेल पिकअप चालवणाऱ्या कुणालाही विचारा. गाडी चढाला ओढेनाशी झाली, काळा धूर टाकायला लागली की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य काय ऐकू येतं? "टर्बो गेला." बॉनेट उघडायच्या आधी. आणि मग एस्टिमेट.

टर्बो जात नाही असं माझं म्हणणं नाही. जातो. पण गाडी न ओढण्याची पाच-पन्नास कारणं असतात आणि त्यातलं सगळ्यात महागडं कारण आधी सांगायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. ही पद्धत मोडायला हवी, आणि ती नुसती मिस्त्रींना शिव्या घालून मोडणार नाही, म्हणून ही जरा लांब पोस्ट.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण ते समजलं की निम्मी फसवणूक तिथेच थांबते. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल नीट जळणार, म्हणजे जास्त ताकद. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. टर्बोची हवा जाड रबरी पाईपातून इंटरकूलरला जाते, तिथून इंजिनात.

आता वेस्टगेट. हवेचा दाब नको इतका वाढू नये म्हणून थोडा धूर पंख्याला चुकवून बाजूने सोडून देणारी ही एक झडप. झडपेला एक रॉड, रॉडला ॲक्च्युएटर नावाची डबी, आत पडदा आणि स्प्रिंग. झडप उघडी अडकली तर धूर पंख्यावर जातच नाही, दाब तयार होत नाही, गाडी मेल्यासारखी चालते. बंद अडकली तर दाब भलताच वाढतो आणि इंजिनचा कॉम्प्युटर घाबरून ताकद कापतो. यालाच लिम्प मोड म्हणतात. दोन्ही वेळा ड्रायव्हरची तक्रार एकच: ओढत नाही.

यात आणखी एक गंमत आहे, जी फार कमी ठिकाणी तपासली जाते. काही गाड्यांत ही डबी टर्बोच्याच हवेच्या दाबावर चालते, काहींत वॅक्यूमवर. दाबावर चालणाऱ्या डबीचा बारीक पाईप फाटला तर झडप उघडतच नाही, म्हणजे दाब जास्त. वॅक्यूमवर चालणाऱ्या वेस्टगेटचा तोच पाईप फाटला तर झडप बंदच होत नाही, म्हणजे दाब कमी. बोटाएवढा पाईप, दोन गाड्या, दोन उलटी लक्षणं. ज्याला आपल्या समोरची गाडी कुठल्या प्रकारची आहे हेच ठाऊक नाही, त्याने निदान करायचं तरी कसं?

आमच्या ओळखीतल्या एका पोराची गोष्ट सांगतो. स्वतःची पिकअप, हप्त्यावर. एप्रिलमध्ये रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या कोल्हापूरला टाकतो. साखरप्याच्या पुढे आंबा घाट लागला की गाडी दुसऱ्या गिअरवर यायला लागली, चेक इंजिनचा दिवा पेटला. एका सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, कोड आला पी ०२९९. लगेच निकाल: टर्बो खराब, २८ हजार. तीन दिवस गाडी उभी, ऐन सीझनमध्ये. नवीन टर्बो बसला, पोरगा खुशीत भरून निघाला आणि त्याच घाटात गाडी पुन्हा बसली. पेट्या उन्हात. आंबा थांबत नाही हो कुणासाठी.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी हाताने चालवायचा छोटा वॅक्यूम पंप आणला. डबीला लावून दोनदा दाबला, रॉड ओढला गेला आणि तिथेच टिकला. म्हणजे डबी चांगली, झडपही मोकळी. मग इंजिन चालू करून डबीकडे येणारा पाईप बोटाला लावला. ओढच नाही. पाईप माघारी शोधत गेले तर उष्णतेने चिरलेला तुकडा सापडला, इंजिनच्या मागच्या बाजूला, क्लिपखाली. दीडशे रुपयांचा पाईप. वेळ लागला पाऊण तास.

स्कॅनर खोटं बोलला का? अजिबात नाही. पी ०२९९ चा अर्थ एवढाच की जितका दाब अपेक्षित होता तितका मिळत नाही. का मिळत नाही, हे तो कोड सांगतच नाही. ताप १०२ आहे हे थर्मामीटर सांगतो, मलेरिया आहे की टायफॉईड हे नाही. दाब कमी असण्याला कारण चोंदलेला एअर फिल्टर असू शकतो, इंटरकूलरचा फाटलेला होज असू शकतो, वॅक्यूमचा सोलेनॉईड व्हॉल्व्ह, उघडा अडकलेला ईजीआर, चुकीचं वाचणारा सेन्सर, चोंदलेला सायलेन्सर असू शकतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर काजळी धरणारा फिल्टर धुराच्या वाटेत बसला, म्हणजे संशयितांत आणखी एकाची भर. टर्बो या रांगेत शेवटी उभा राहायला हवा, कारण तोच सगळ्यात महाग आणि खोलायला सगळ्यात किचकट.

तपासायला काही अवकाळी अवजारं लागत नाहीत. एअर फिल्टर काढून बघा. सगळे हवेचे पाईप हाताने चाचपा, विशेषतः खालची बाजू, जिथे ऑईलचा ओला डाग आणि धूळ दिसेल. इंजिन थंड असताना रॉड हलतो का बघा. ब्रेक कडक लागतोय का ड्रायव्हरला विचारा, कारण बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला आणि टर्बोच्या डबीला एकाच पंपाचा वॅक्यूम जातो. धुराचा रंग बघा. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑईल जळतंय. एवढं झाल्यावर मग टर्बोच्या तोंडाचा पाईप काढून दांडा हलवायचा. आडवा जरासा हलतो, ऑईलचा थर नसताना तो हलणारच, त्यावरून "बघा, प्ले आलाय" म्हणणारे बरेच भेटतील. पुढे-मागे सरकत असेल, पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, तर मात्र टर्बो खरंच गेलाय.

आणि खरंच गेला असेल तरी पुढचा प्रश्न उरतोच: का गेला? टर्बो बहुतेक वेळा ऑईलमुळे मरतो. ऑईल वेळेवर न बदलणं, ऑईलची लाईन काजळीने भरणं, घाट चढून आल्या आल्या चावी बंद करणं. कारण तसंच ठेवून नवीन टर्बो बसवला तर तोही मरणार, आणि दुसरं बिल येणार.

आता धोरणाचा भाग. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ वाहन कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला होता. मुद्दा हाच होता की अस्सल सुटे भाग, तपासणीची साधनं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळत नाही. पुढे अपिलं झाली, बातमी विरली. २०२२ मध्ये केंद्राने ‘दुरुस्तीचा अधिकार’ हा विषय घेतला, त्यात वाहन क्षेत्रही धरलं, पोर्टलही सुरू केलं. पण सक्तीचा कायदा नाही. युरोपात २००७ च्या नियमानेच कंपन्यांना दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना देणं बंधनकारक केलं. मग आपल्या तालुक्याच्या मिस्त्रीने कुठल्या गाडीला कुठली डबी आणि किती दाबाला रॉड हलला पाहिजे हे व्हॉट्सॲपवर विचारत का बसायचं? आयटीआयचा मेकॅनिक डिझेल कोर्स एक वर्षाचा. तिथे मुलांच्या हातात वॅक्यूम पंप आणि बूस्ट गेज किती वेळा येतं, हे आमदारांनी एकदा स्वतः जाऊन बघावं.

दोष फक्त वरच्यांचा नाही. आपण तपासणीचे पैसे द्यायला तयार नसतो. मिस्त्री दोन तास डोकं लावून दीडशेचा पाईप बदलतो आणि पाचशे रुपये मजुरी सांगतो तेव्हा आपण म्हणतो, "एवढ्याशा पाईपाचे पाचशे?" त्यालाही पोट आहे. पार्ट विकून पैसे मिळतात आणि निदान करून मिळत नाहीत, तर तो पार्टच विकणार. शिवाय जास्त माल ओढावा म्हणून वेस्टगेटचा रॉड आवळून घेणारे महाभागही आपल्यातच आहेत. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरायचा, दाब वाढवून घ्यायचा आणि हेड गॅस्केट उडाली की कंपनीला दोष द्यायचा.

त्या पोराला मी तक्रार कर म्हणालो. सर्व्हिस सेंटरने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, "पिवळ्या पाटीची गाडी आहे, तुम्ही ग्राहक होत नाही." हे साफ चुकीचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्टीकरण आहे: स्वतः राबून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. स्वतःच चालवणारा पिकअपवाला सरसकट बाहेर पडत नाही. १९१५ वर फोन करता येतो, जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं.

अडचण वेगळीच निघाली. जॉबकार्डवर तपासणी काय केली याची एक ओळ नाही, नुसतं ‘टर्बो बदली’. आणि जुना टर्बो त्याने मागितलाच नव्हता, त्यांनी दिलाही नाही. तेव्हा गाडी टाकताना दोन गोष्टी लिहून घ्या: काय काय तपासलं, आणि काढलेला पार्ट परत हवा. त्यावर कुणी "तो वॉरंटीत जमा करावा लागतो" म्हणालं, तर पैसे तुम्ही भरत असाल तर वॉरंटी कसली, एवढं विचारा. पोरगा अजून त्या २८ हजारांचे हप्ते फेडतोय आणि जुना टर्बो, जो बहुधा धडधाकट होता, कुठे गेला कुणास ठाऊक.