पदे राहिली, गद्याचे काय?

मराठी रंगभूमीचे एक भाग्य असे की तिची पदे हरवली नाहीत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढे ग्रामोफोनची तबकडी आली. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे. पद तेवढ्यात बसत होते, म्हणून ते टिकले. बालगंधर्वांचा स्वर आजही घराघरांत ऐकू येतो तो त्यामुळेच.

पण नाटक म्हणजे केवळ पदे नव्हेत. गडकऱ्यांची पल्लेदार स्वगते आणि खाडिलकरांचे तर्ककठोर संवाद तीन मिनिटांत मावणारे नव्हते. ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील गणपतराव बोडसांचा सुधाकर, ‘भावबंधन’मधील चिंतामणराव कोल्हटकरांचा घनश्याम, आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधील गणपतराव जोशींचा हॅम्लेट या भूमिका आपण ओळखतो त्या प्रामुख्याने जुन्या आठवणी आणि वर्णने वाचून. नाटकाची संहिता छापील पुस्तकात सुरक्षित आहे. परंतु ते वाक्य कोठे तोडायचे, कोठे उंच न्यायचे आणि कोणत्या शब्दावर अलगद सोडायचे, हे छापता येत नाही. ते एका पिढीच्या मुखातून दुसरीच्या कानात उतरावे लागते. ही परंपरा जवळून ऐकलेली माणसे आज वृद्ध आहेत. हाताशी असलेला वेळ थोडा आहे, याची जाणीव आपल्याला आहे काय?

या गद्याचे सामर्थ्य किती होते, हे परकीय सत्तेने ओळखले होते. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ सालचे. हे गद्य नाटक. सुरावटींचा आधार नसलेले. महाभारतातील कथेआडून प्रेक्षक वर्तमान ऐकत होते, कीचकाच्या उन्मत्त बोलण्यात त्यांना कर्झनशाही दिसत होती. १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. बोललेल्या शब्दाची ही जरब शांतपणे पाने उलटताना कशी कळणार?

सुदैवाने तबकडीची ती मर्यादा आता उरलेली नाही. श्राव्य पुस्तकाला तीन मिनिटांचे बंधन नाही. पाच अंकांचे अखंड नाटक साध्या मोबाईलवर सहज सामावते. २०१७ साली स्टोरीटेल ही कंपनी भारतात आली तेव्हा तिने आरंभीच्या भाषांत मराठीला स्थान दिले. मराठी माणूस पुस्तक ऐकतो, याची ही व्यावसायिक कबुलीच होय. मात्र व्यावसायिक संस्था मागणी पाहूनच पुस्तके निवडणार. तिला त्याबद्दल दोष देता येणार नाही. अभिजात वाङ्मयाची चिंता समाजालाच वाहावी लागते.

‘ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे’ असा आक्षेप घेतला जातो. तो खराच आहे. पण आपले वाङ्मय कानांसाठीही घडले आहे, हे विसरून कसे चालेल? कीर्तनकाराच्या मुखातून पुराणे बहुजनांपर्यंत पोहोचली. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची रचनाच रात्रीमागून रात्र सांगितलेल्या आठवणींची आहे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’ची ५६ गीते प्रसारित होऊ लागली आणि अवघा महाराष्ट्र रेडिओपाशी बसला. नाटक तर मुळातच ऐकण्या-पाहण्यासाठी लिहिले जाते. चांगले ऐकलेले मूल पुढे पुस्तकाकडे वळते. जे कानावरच पडले नाही, ते शोधण्याची ओढ तरी कशी निर्माण व्हावी?

इंग्रजी माध्यमात शिकणारी किंवा परदेशात वाढणारी आपली मुले मराठी समजतात, पण देवनागरी अडखळत वाचतात. त्यांच्यासाठी कान हेच प्रवेशद्वार आहे. शिवाय मराठीचे काही उच्चार लिपी दाखवतच नाही. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लेखन एकच, ‘ज’चा उच्चार मात्र वेगळा. हा भेद कोणत्या पुस्तकातून शिकवणार? दृष्टिहीन वाचकाचा हक्क तर याहून मोठा आहे. मुद्रित साहित्य वाचू न शकणाऱ्यांसाठी २०१३ साली झालेला माराकेश करार मान्य करणारे भारत हे पहिले राष्ट्र ठरले, २०१४ साली. कायद्याने दिलेल्या या सवलतीला आशय पुरवणे हे आपले काम आहे.

कायद्याची अडचण तर जवळजवळ नाहीच. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी साहित्य स्वामित्वहक्कातून मुक्त होते. किर्लोस्कर, देवल, गडकरी, हरिभाऊ आपटे, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि खाडिलकर यांचे लेखन आज सर्वांचे आहे. साने गुरुजींचेही २०११ पासून मुक्त झाले. ही संपत्ती कुलूप न लावता दारात ठेवलेली आहे; उचलणारे हात हवेत.

काम करताना काही पथ्ये मात्र पाळावी लागतील. संहिता अखंड असावी. आजच्या विचाराला न पटणारा भाग गाळू नये. त्याविषयी काय सांगायचे ते आरंभीच्या निवेदनात सांगावे. पार्श्वसंगीताने शब्द बुडवू नयेत. यंत्राचा कृत्रिम आवाज आता मराठीही वाचू लागला आहे. माहितीपर मजकुरासाठी तो उपयोगी ठरेल. परंतु गडकऱ्यांची कोटी कोणत्या क्षणी फुटते आणि तळीरामाच्या हास्यामागे कोणती करुणा दडली आहे, हे जाणकार माणसालाच उमजते. म्हणून ज्येष्ठ नटांना मार्गदर्शक म्हणून बोलवावे, तरुणांनी त्यांच्यासमोर वाचावे, चुकावे आणि पुन्हा वाचावे. असे झाले तर ध्वनिमुद्रणाबरोबर परंपराही पुढच्या हाती सोपवली जाईल.

हे सारे शासनाने करावे, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. २००५ साली सुरू झालेल्या ‘लिब्रिव्हॉक्स’ या उपक्रमात जगभरच्या स्वयंसेवकांनी स्वामित्वहक्कमुक्त पुस्तके घरी बसून वाचली आणि सर्वांना विनामूल्य खुली केली. स्वयंसेवेची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे अवघड का असावे? गावोगावची जुनी वाचनालये, हौशी नाट्यमंडळे, महाविद्यालयांचे मराठी विभाग आणि गणेशोत्सव मंडळे यांनी मिळून एका गावाने वर्षाला एक नाटक एवढाच संकल्प करावा. सहभागी कलावंतांची लेखी संमती घ्यावी आणि ध्वनिमुद्रण सर्वांसाठी मोकळे ठेवावे. घराघरांतूनही आठवड्यातील एक संध्याकाळ एकत्र ऐकण्यासाठी राखता येईल.

पदे टिकली, कारण त्या काळच्या यंत्रात ती मावली. आता गद्यही मावते. तरीही ते हरवले, तर दोष यंत्राला देता येणार नाही.